शव्वालच्या दाखल्याआधी थान उलगडून पाहा

रमजान सुरू झाला की आमच्या दुकानात रोज दोन-तीन सफीर येतात. कुणी बिहारचे, कुणी उत्तर प्रदेशचे, कुणी खानदेशचे. हातात रसीद-बुक, पिशवीत मदरशाच्या इमारतीचा फोटो, तोंडात मुलांच्या संख्येचा आकडा. मी त्यांना गादीवर बसवतो, ऐपतीप्रमाणे रसीद फाडून घेतो, दुआ घेतो आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतो. तीस वर्षांत मी एकाही सफीरसाहेबांना विचारले नाही की, हजरत, आपल्याकडून शिकून बाहेर पडलेली मुले पुढे काय करतात?

यंदा विचारावे लागले. माझ्या धाकट्या मुलाने दहावीची परीक्षा दिली आहे आणि त्याला आलिम व्हायचे आहे. त्याची अम्मी खूश आहे. माझा भाऊ म्हणतो, "भाईजान, दुकान कोण पाहील?" मी मधे अडकलो आहे. ईदनंतर शव्वालमध्ये मदरशांचे नवे वर्ष सुरू होते, म्हणजे निर्णयाला दिवस थोडे आहेत. माझ्यासारखे आणखी बरेच बाप चंद्रपूर-गडचिरोलीत असतील, म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय काढतो आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, भाषेत चूक दिसली तर सांभाळून घ्यावे.

फुकटचा माल कोणी तपासत नाही

आपण कापडवाले लोक. सुरत किंवा भिवंडीहून गाठ आली की थान उलगडतो, पोत पाहतो, ओले बोट फिरवून रंग सुटतो का ते पाहतो, मीटर मोजतो. शंभर रुपये मीटरच्या कापडासाठी एवढी खबरदारी. पण मुलाला मदरशात पाठवताना आपण काय पाहतो? शेजारच्या हाजीसाहेबांचा मुलगा तिथे आहे, सफीरसाहेब बोलायला चांगले आहेत, आणि खर्च काही नाही. बस्स, मुलाची पेटी भरली.

खर्च काही नाही, हीच गफलत आहे. राहणे, जेवण, किताबे हे सर्व समाजाच्या जकात-सदक्यातून चालते, ही त्या संस्थांची मोठी खिदमत आहे आणि गरिबाच्या मुलाला याच दाराने इल्म मिळाला आहे. पण किंमत मोजावीच लागते, फक्त ती रुपयांत नसते. कुरआन हिफ्ज करायला साधारण तीन-चार वर्षे आणि आलिमचा पूर्ण अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी आठ वर्षे. फतवा-नवीसी म्हणजे इफ्ता करायचे तर आणखी वर्ष-दोन वर्षे. मुलाच्या वयाची दहा-बारा वर्षे आपण मोजतो. एवढी किंमत मोजणाऱ्याने माल पाहून घेतला पाहिजे.

माझ्या बहिणीच्या मुलाचे उदाहरण देतो. चौथीनंतर त्याला दूरच्या एका मदरशात पाठवले. मी स्वतः बल्लारशाहला गाडीत बसवून दिले होते. हिफ्ज झाले, आलिमियत झाली, तेविसाव्या वर्षी सनद आणि पगडी घेऊन परत आला. सर्व मोहल्ला स्टेशनवर गेला होता. मग एका तालुक्याच्या गावी इमामत मिळाली. सात हजार रुपये आणि एक खोली. सकाळ-संध्याकाळ मकतब शिकवायचे. मुले मराठी शाळेतली, त्यांना उर्दू वाचता येत नाही. याला मराठी लिहिता येत नाही. तहसील कचेरीतून मशिदीच्या जागेबद्दल नोटीस आली तर ती वाचायला किराणा दुकानदाराकडे जावे लागले. दोन वर्षांनी कमिटी बदलली आणि एका रात्री इशाच्या नमाजनंतर नव्या सदरसाहेबांनी सांगितले की उद्यापासून दुसरी व्यवस्था केली आहे. आज तो माझ्या दुकानात कापड मोजतो. परवा मी त्याला विचारले, "बेटा, कमी काय पडले?" तो म्हणाला, "मामू, किताब येत होती. किताब ज्यांना सांगायची त्यांची जबान येत नव्हती."

या मुलाच्या इल्मात खोट नव्हती. पाठवताना आम्ही काही विचारले नाही आणि ठेवून घेताना जमातने काही लिहून दिले नाही. मला जे म्हणायचे आहे ते या दोन चुकांबद्दल आहे.

बापाने विचारायचे चार सवाल

मसलक कोणताही असो, सवाल हेच आहेत.

पहिला सवाल: दहावी-बारावीचे काय? आपल्या महाराष्ट्रात उत्तर प्रदेशासारखे कायद्याने स्थापन झालेले मदरसा बोर्ड नाही. मदरशाची सनद समाजात मोठी आहे, पण नोकरीच्या अर्जावर ती एकटी चालत नाही. आणि जिथे बोर्ड आहे तिथेही पाहा. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा कायम ठेवला, पण त्या बोर्डाच्या कामिल आणि फाजिल या वरच्या पदव्या रद्द ठरवल्या. पदवी देण्याचा अधिकार यूजीसीच्या कायद्याखाली येतो, बोर्डाकडे नाही, असे कोर्टाने सांगितले. तेव्हा मुलाच्या हातात सनदेबरोबर सरकारमान्य दहावी-बारावी असलीच पाहिजे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएसमधून ही परीक्षा मदरशात राहूनही देता येते. जमियत उलमाने त्यासाठी जमियत ओपन स्कूल चालवले आहे. मदरशाच्या नाजिमसाहेबांना सरळ विचारा: आपल्याकडे किती मुले अशी परीक्षा देतात, अभ्यासाला वेळ देता का? उत्तर "हो जाएगा" असे आले तर समजून घ्या.

दुसरा सवाल: काय शिकवतात आणि कोण शिकवते? दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात बांधला. त्या काळी तो शिकलेला माणूस मशिदीतही बसू शकत होता आणि दरबाराच्या दफ्तरातही. त्यात व्याकरण होते, तर्क होता, हिशेब होता. म्हणजे दीन आणि रोजगार यांची गाठ मुळातच होती. पुढे १८६६ मध्ये देवबंदचे दारुल उलूम सुरू झाले. हैदराबादचे जामिया निजामिया १८७६ चे, लखनौचे नदवा १८९० च्या दशकातले, आणि मुबारकपूरचे अशरफिया, बनारसचे सलफिया यांची नावे आपण जाणतोच. प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. कुठे हदीसवर जोर, कुठे अरबी बोलण्या-लिहिण्यावर, कुठे फिकहवर. मुलाचा कल कशात आहे ते पाहून जागा ठरवावी. मोठे नाव पाहून मुलाला लहान शाखेत टाकू नये. आणि शाळा शिकून आलेल्या मुलासाठी काही ठिकाणी आटोपशीर अभ्यासक्रम असतो, त्याचीही चौकशी करावी. दहावी झालेल्या मुलाला दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसवण्यात शहाणपण नाही.

तिसरा सवाल: भाषा. आपला भाग पाहा. चंद्रपुरात मराठी-हिंदी, सिरोंच्याला तेलुगू, एटापल्ली-भामरागडकडे माडिया-गोंडी. उर्दू शाळा मोठ्या गावांपुरत्या. आपली नवी पिढी मराठी वाचते. तिच्यासमोर जुम्म्याचे बयान अवघड उर्दूत झाले तर ती मान डोलावते आणि घरी जाते. इमामाला मराठी आली पाहिजे, लिहिता-वाचता आली पाहिजे. रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, शांतता समितीच्या बैठकीत जमातच्या वतीने तोच बसतो. मदरसा बाहेरच्या राज्यात असेल तर मराठी कशी टिकेल याचा विचार बापानेच करायचा आहे. आपल्या राज्यातही मोठ्या संस्था आहेत. मालेगावात माहद-ए-मिल्लत आहे, मुलींसाठी जामिअतुस्सालिहात आहे. मुलीला आलिमा करणाऱ्या बापानेही हेच चार सवाल विचारावेत.

चौथा सवाल: पुढचा रस्ता कुठे जातो? नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याचे जामिया इशाअतुल उलूम पाहा. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९-८० च्या सुमारास आदिवासी मुलुखात, आपल्यासारख्याच डोंगर-जंगलाच्या भागात ते उभे केले. ४ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मदरशाच्या शेजारीच शाळा, आयटीआय, डी.फार्म., बी.एड.चे वर्ग काढले आणि जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ मेडिकल कॉलेजही सुरू केले. ज्याला इमाम व्हायचे त्याने इमाम व्हावे, ज्याचा हात हुनरात चालतो त्याला दुसरा दरवाजाही दिसावा, असा तो नमुना. संस्था निवडताना असा दुसरा दरवाजा आहे की नाही ते पाहावे.

पेशा किती रुंद आहे?

आलिम म्हणजे इमाम, एवढेच आपल्याला माहीत. खरे तर काम बरेच आहे. मकतब आणि मदरशात शिकवणे, खिताबत, निकाह पढवणे, विरासतीचा हिशेब सांगणे, घरगुती भांडणात समजूत घालणे. शिक्षणाचा रस्ताही बंद नाही. अलीगढ विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशाच्या मुलांसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. जामिया मिल्लिया आणि हैदराबादचे १९९८ मध्ये स्थापन झालेले मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ अनेक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मानतात; कोणत्या मदरशाच्या मानतात ती यादी अर्जापूर्वी पाहून घ्यावी. मुंबईत मरकजुल मआरिफ ही संस्था आलिम झालेल्या मुलांना दोन वर्षांत इंग्रजी शिकवते. १९९४ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा उपक्रम पुढे मुंबईला आला. अरबी-इंग्रजी येणाऱ्या आलिमला तर्जुम्याचे काम मिळते.

एक जागा तर फार थोड्यांना माहीत आहे. भारतीय लष्करात धर्मशिक्षकांची भरती होते. पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याबरोबर मौलवीही घेतात आणि दर्जा जेसीओचा असतो. त्यासाठी मौलवी आलिम किंवा उर्दू अदीब आलिम लागते आणि त्याच्यासोबत कोणत्याही शाखेची पदवी लागते. पदवी नसल्याने किती काबिल मुले या अर्जाजवळही जाऊ शकत नसतील! पहिल्या सवालाचे महत्त्व इथे कळते.

जलशात नेहमी सांगतात की अमुक मौलाना यूपीएससी पास झाले. खरे आहे. मुबारकपूरच्या अशरफियात शिकलेले शाहिद रजा खान २०१८ च्या परीक्षेत निवडले गेले. पण ते मदरशानंतर दिल्लीच्या जेएनयूमध्ये गेले होते, हे कुणी सांगत नाही. एका घोड्यावर सर्व गाव पैसे लावत नाही. आपल्या बहुतेक मुलांना मशीद आणि मकतबच सांभाळायचे आहे, आणि ते काम लहान नाही. ते करणाऱ्याचे घर चालले पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

आता जमातची बाजू

इथे मला आपल्या व्यापारी बांधवांशी दोन कडू गोष्टी बोलायच्या आहेत, कारण कमिट्यांवर आपणच बसलेलो आहोत.

हिशेब करा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. महिन्यात २६ दिवस काम धरले तर ७,७२२ रुपये होतात. माझ्या भाच्याला सात हजार मिळत होते, तेही तीस दिवस, पाच वेळा, फज्रपासून इशापर्यंत आणि सुट्टी नाही. जंगलाकडच्या एखाद्या गावात आपले एकच घर असते, तिथे मय्यत झाली तर चाळीस किलोमीटरवर इमामच जातो. भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुराने तुटला आहे. अशा मुलुखात इमामत करणारा माणूस मजुरापेक्षा कमी घेतो आणि आपण मिनाराच्या टाइल्सवर लाखाची रसीद फाडतो.

"वक्फ बोर्ड देईल, सरकार देईल" असे म्हणून सुटका नाही. १३ मे १९९३ रोजी सुप्रीम कोर्टाने इमामांच्या संघटनेच्या अर्जावर निकाल दिला आणि वक्फ बोर्डाखालील मशिदींच्या इमामांना मानधन देण्याची योजना करण्यास सांगितले. तीस वर्षे उलटली, आपल्या गावच्या किती इमामांच्या हाती काही पडले ते प्रत्येकाने पाहावे. दिल्लीत इमामांना १८ हजार जाहीर झाले, पण २०२४ च्या डिसेंबरात तेच इमाम थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर होते. सिरोंच्याच्या नदीपलीकडे तेलंगणा सरकारने २०१८ मध्ये इमाम-मुअज्जिनांचे मानधन पाच हजार केले. ती मदत म्हणून ठीक, पण त्यावर घर चालत नाही. आपल्या राज्यात डॉ. झाकिर हुसेन मदरसा योजनेतील शिक्षकांचे मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढवून डी.एड.वाल्यांना १६ हजार आणि बी.एड.वाल्यांना १८ हजार केले. लक्षात घ्या, हे पैसे गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्यांना आहेत. म्हणजे ज्या आलिमकडे पदवी आणि बी.एड. आहे, तो त्याच मदरशात या जागेसाठी अर्ज करू शकतो.

शेजाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा नाही. आपल्या बल्लारपूरला ख्रिस्ती लोकांच्या चांदा धर्मप्रांताचे केंद्र आहे. तिथे पाद्री होणाऱ्या मुलाला धर्मप्रांत स्वतः निवडतो. मग काही वर्षे तत्त्वज्ञान, काही वर्षे धर्मशास्त्र, मधे प्रत्यक्ष लोकांत काम, सर्व खर्च धर्मप्रांताचा. शिकून आल्यावर नेमणूकही तोच करतो आणि म्हातारपणी सांभाळतोही तोच. प्रोटेस्टंट लोकांचे युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये आपल्या विदर्भातच, यवतमाळला सुरू झाले आणि १९८३ मध्ये पुण्याला गेले. बंगालच्या सेरामपूर कॉलेजला तर १८२७ च्या सनदेने धर्मशास्त्राची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत पदवीनंतर तीन वर्षांचा धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम करतात आणि त्यात विद्यार्थ्याला चर्चमध्ये, रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. हार्टफर्डसारख्या ठिकाणी मुसलमान मुलेही रुग्णालय, तुरुंग, विद्यापीठ येथे धार्मिक सेवा करण्याचे शिक्षण घेतात. तिकडे फी भरावी लागते, पुष्कळांच्या डोक्यावर कर्ज होते, म्हणून ते जागा निवडण्याआधी दहा ठिकाणी चौकशी करतात. आपल्याकडे फुकट म्हणून चौकशी नाही. पण उमेदवारीची गोष्ट घेण्यासारखी आहे. आलिम होणाऱ्या मुलाने शेवटच्या दोन वर्षांच्या सुट्ट्या आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या जाणत्या इमामाजवळ काढाव्यात. मय्यत, निकाह, भांडण, कचेरी हे सर्व किताबात नाही, ते पाहूनच येते.

तेव्हा प्रत्येक जमातने एवढे करावे. इमामसाहेबांना नेमणुकीचे पत्र द्यावे. त्यात पगार, खोली, महिन्याच्या सुट्ट्या, काढायचे असेल तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना हे लिहावे. आपल्या दुकानातल्या नोकराला ईदचे कपडे आणि दुखणे-खुपणे पाहतोच ना? मग ज्याच्या मागे उभे राहून आपण नमाज पढतो त्याचा दर्जा त्याहून खाली कसा? पगार पाचशे-हजार घरांवर न टाकता मशिदीच्या दुकानांच्या भाड्यातून पहिली रक्कम इमामाची बाजूला काढावी, उरलेल्यातून रंगरंगोटी करावी. आणि ती दुकाने आपल्यापैकीच कुणी जुन्या भाड्याने धरून बसला असेल तर त्याने आधी भाडे वाढवावे. मी स्वतः अशाच एका गाळ्यात चौदा वर्षे होतो. जे भाडे देत होतो ते सांगायला आज शरम वाटते. मागच्या वर्षी स्वतःहून वाढवले आहे.

आणखी एक सवय सोडावी. घरात तीन मुले असतील तर हुशार इंजिनिअरिंगला, चलाख दुकानात, आणि ज्याचे शाळेत चालत नाही तो मदरशात. मग वीस वर्षांनी आपणच म्हणतो की आजकालच्या बयानात दम नाही. गाठीतला कटपीस काढून दिला, आता त्याची शेरवानी कशी शिवणार?

माझे काय ठरले ते सांगून थांबतो. मुलाला मी म्हटले, "बेटा, जा. पण बारावी सुटणार नाही, आणि मराठीचे वर्तमानपत्र रोज वाचशील." त्याने कबूल केले. दोन जागांच्या नाजिमसाहेबांना मी पत्र लिहून हे चार सवाल विचारले. एकाने सविस्तर उत्तर दिले, अभ्यासाच्या वेळापत्रकासह. दुसऱ्याने रसीद-बुक पाठवले. पहिल्या ठिकाणी ईदनंतर मी आणि भाचा जाऊन येणार आहोत. किताबांचे तो पाहील, बाकीचे मी पाहीन. आणि भाच्यासाठी आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीसमोर मी एक अर्ज ठेवला आहे: मकतबसाठी त्याला लेखी नेमणूक द्यावी, दुपारी तो दुकानात बसेल आणि एनआयओएसची दहावी देईल. तो सव्वीस वर्षांचा आहे, उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही.

बांधवांनो, पुढच्या रमजानमध्ये सफीर आले की रसीद जरूर फाडा. फक्त पैसे देण्याआधी एकदा विचारा की, हजरत, आपली मुले पुढे काय करतात?